मुलाजवळ दोन तास कोण बसणार? (गुंतागुंतीचे आजार असलेली मुलं आणि पुण्यातली घरं)

निळीछत्री (धागाकर्ती)

पुण्यात डॉक्टर मिळतात. मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, सगळं मिळतं; पैसे आणि नंबर लावून बसायची तयारी हवी. मिळत नाही ते एकच. पोटाला नळी असलेल्या, अधूनमधून फिट येणाऱ्या, कफ स्वतःचा स्वतः काढता न येणाऱ्या मुलाजवळ दोन तास बसेल असं माणूस. हा धागा त्यासाठी.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही), त्यात एपिलेप्सी, जेवण पेगमधून, म्हणजे पोटाला बसवलेल्या नळीतून. आम्ही सिंहगड रोडला राहतो. ओळखीपुरतं एवढं पुरे. औषधांची चर्चा इथे नको, त्याला त्याचे डॉक्टर आहेत. आणि 'देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात.

मूल आयसीयूतून घरी आलं की सगळी विद्या एकाच माणसाच्या हातात उतरते, बहुतेक घरांत आईच्या. मग त्या आईला ताप आला, दाढ दुखली, बहिणीचं डोहाळजेवण आलं, की घर अडलंच. नातेवाईक वाईट नसतात. 'काही लागलं तर सांग हं' असं मनापासून म्हणतात. पण ऐन वेळी त्यांना सांगणार काय? नळी कशी धरायची हे फोनवर शिकवता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की दुसरा माणूस गरज पडायच्या आधी तयार करायचा, आणि तयार झाला असं केव्हा म्हणायचं हेही आधी ठरवायचं.

मी जावेला शिकवलं. नुसतं बघून कुणी शिकत नाही, हे पहिल्यांदा कळलं. आधी तिने बघितलं, मग मी सांगत गेले आणि तिने केलं, मग ती सांगत गेली आणि मी गप्प उभी राहिले. हा तिसरा टप्पा सगळे गाळतात, आणि गाडी तिथेच अडते. जेवण देताना: डोक्याकडची बाजू उंच, सिरिंजचा दट्ट्या काढून नुसत्या उताराने सोडायचं, दाब द्यायचा नाही, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची, नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. फिट आली तर: जेवण चालू असेल तर आधी बंद, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडाझोलामचा स्प्रे आणि १०८. आमच्याकडे हे सगळं वजनाप्रमाणे डोस लिहून फ्रिजला लावलंय. (चप्पल आणि कांदा हुंगवणारे पाहुणे आले तर त्यांच्यासाठी तिथेच खाली एक ठळक ओळ आहे.)

तुमच्या घरात दुसरा माणूस कोण? कसा तयार केलात? नसेल तर कशामुळे?

लघुकोन

चांगला धागा. मी बाप आहे, म्हणून बापांविषयीच बोलतो. आपल्याकडे बाप म्हणजे फायलीचा माणूस. रिपोर्ट लावणं, विम्याचे कागद, गाडी काढणं. हात मात्र आईचेच. माझी मुलगी सहा वर्षांची, घरी ऑक्सिजन आणि सक्शन (कफ ओढून काढणं) दोन्ही. हिंजवडीहून घरी यायला किती वेळ लागतो हे पुणेकरांना सांगायला नको, त्यामुळे 'लागलं तर मी आहेच' हे माझं वाक्य निव्वळ दिखाऊ होतं. शेवटी रात्री वाटून घेतल्या. झोपल्यापासून दोनपर्यंत मी, पुढे ती. रात्री हात बसतो, कारण तेव्हा दुसरं कुणी विचारायला नसतं.

आता माझ्या आवडीचा विषय: वीज. महावितरणची दुरुस्ती गुरुवारी, हे आपल्याला पाठ आहे. पण बॅकअपचा हिशेब कुणी करत नाही. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (घरचं ऑक्सिजनचं मशीन) साधारण साडेतीनशे वॅट घेतो. १२ व्होल्ट, १५० एएचची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात त्याच्या दोनतृतीयांश धरा. म्हणजे तीन-साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असताना आणि घरातला फ्रिज त्याच इन्व्हर्टरवर नसताना. म्हणून बी टाइप सिलिंडर भरून ठेवतो. त्यात सुमारे १५०० लिटर असतो, मिनिटाला एक लिटरच्या वेगाने दिवसभर पुरतो. सक्शनला पायाने चालणारं मशीन मिळतं, ते घ्याच. दुसऱ्या माणसाला शिकवताना हेही शिकवा: लाइट गेली तर पहिल्या मिनिटात काय करायचं. आम्ही मुद्दाम मेन स्विच बंद करून सासऱ्यांची परीक्षा घेतली. ते पास झाले, पण तेव्हापासून माझ्याशी जरा तुटक बोलतात.

भिडेपूल

वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर लिहिते.

टोकदारपेन्सिल

मत वेगळं आहे, राग नसावा. जाऊ, सासरे, शेजारी यांना वैद्यकीय कामं शिकवायची हे मला धोक्याचं वाटतं. उद्या काही झालं तर जन्मभर तोंड बघायचं बंद होईल. बिचाऱ्या जावेने ते ओझं का घ्यावं? नर्सिंग ब्यूरोतून नर्स घ्या, पैसे द्या, जबाबदारी त्यांची. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट नात्यांवर ढकलायची सवय आहे, म्हणून तर सेवा उभ्या राहत नाहीत.

हडपसरची_मी

@टोकदारपेन्सिल, शेवटचं वाक्य पटलं. आधीची पटली नाहीत, कारण मी ब्यूरो केलेला आहे. ब्यूरोकडे 'पेशंट' म्हणजे आजी-आजोबा. कूस बदलणं, डायपर, स्पंजिंग हे त्या मावशींना माझ्यापेक्षा छान येतं. पण गळ्यातली नळी बघितली की पदर सावरून दाराकडे बघतात, आणि त्यांची चूक नाही, त्यांना ते कुणी शिकवलेलंच नसतं. शिकलेली स्टाफ नर्स हवी असेल तर तिचा महिन्याचा आकडा आमच्या घरखर्चाच्या वर जातो. आणि एक बाई तयार करावी, तर दिवाळीला गावी जाते आणि ब्यूरो दुसरी पाठवतो. पुन्हा श्रीगणेशा.

तरी ज्यांना परवडतं त्यांनी बाई ठेवताना सुरुवातीचे दिवस तिच्याबरोबर स्वतःही घरात थांबायचं, रजा टाकून. ती आली की लगेच बाहेर पळायचा मोह होतो. आवरा.

आमच्यासारख्यांसाठी थोडं लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता सगळी रेशनकार्डं चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती भरती झाल्यावरच्या उपचारांना; घरच्या सक्शन कॅथेटरला, डायपरला, फीडच्या डब्याला नाही. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड पिशवीत कायम ठेवा, आणि बिलिंगच्या खिडकीवर भांडण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागात जा. मी आधी खिडकीवरच भांडायचे. भांडण छान व्हायचं, काम व्हायचं नाही.

जुनीसिस्टर

नमस्कार. सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. टोकदार यांचा मुद्दा झटकून टाकू नका, त्यात तथ्य आहे. उत्तर असं की सगळ्यांना सगळं शिकवायचं नाही.

शेजाऱ्याला तीनच गोष्टी: कुशीवर वळव, घड्याळ बघ, हा नंबर लाव. त्यात चुकण्यासारखं काही नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला नळीचं जेवण, तोंडातलं सक्शन, फिटचा स्प्रे. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यातून घातलेली नळी) असेल तर गळ्यातलं सक्शन आणि नळी निघाली तर परत घालणं हे ज्याने वॉर्डात आमच्यासमोर करून दाखवलंय त्यानेच करावं. त्या मुलाच्या उशाशी दोन जादा नळ्या हव्यातच, एक त्याच मापाची आणि एक त्याहून लहान. घरात आहेत, पण कपाटात वरच्या खणात आहेत, असं चालत नाही. बाळाबरोबर त्यांनीही फिरायचं, लिफ्टमध्येसुद्धा.

पेग बाहेर आली तर घाबरून रडत बसू नका आणि उद्या दाखवू असंही म्हणू नका. भोक काही तासांत आक्रसायला लागतं. निघालेली नळी बरोबर घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पेग नवी असेल तर घरी परत घालून त्यातून जेवण देण्याचं धाडस अजिबात नको.

आणि शिकायची सगळ्यात चांगली जागा घर नाही, वॉर्ड आहे. डिस्चार्जची तारीख ठरली की सिस्टरला सांगा, 'आम्ही दोघी शिकणार आहोत.' शेवटचे एक-दोन दिवस सगळं तुम्हीच करा, सिस्टरने फक्त बघायचं. गर्दीच्या वॉर्डात सिस्टर वैतागेल, वैतागू दे. रात्रपाळीची सिस्टर जास्त नीट शिकवते, असा माझा अनुभव. दिवसा राउंड असतो.

पॅलिएटिव्हची, म्हणजे आजाराचा त्रास कमी करण्यासाठी असलेली, टीम असेल तर तिला लवकर भेटा. मुलांच्या बाबतीत ती मदत निदानापासून सुरू करायची असते, उपचार चालू ठेवूनच. दुखणं, दम, झोप, बद्धकोष्ठता, घरच्यांचं मन, हे सगळं ती बघते. लोक शेवटी येतात, म्हणून ती शेवटची वाटते.

आजोबा_मॉडेलकॉलनी

मी नातवाजवळ बसतो. वय ७४. नळीला हात लावत नाही, डोळा एक बरा नाही. पण सिस्टरबाईंच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी मला येतात, आणि पेपर मोठ्याने वाचतो. अग्रलेखाला तो झोपतो, क्रीडापानाला जागा राहतो.

दोन सूचना. एक: पलंग, व्हीलचेअर, कॉन्सन्ट्रेटर विकत घेण्याआधी चौकशी करा. आपल्या शहरात अनेक गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सामाजिक संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून वापरायला देतात. लहान मुलांच्या मापाची व्हीलचेअर मात्र तिथे क्वचितच असते, ती अंगमापाने करून घ्यावी लागते, नाहीतर पाठ वाकडी होते. दोन: सोसायटी. आमच्याकडे उताराचा रस्ता करायला सभासदांनी वर्षभर चर्चा केली. चर्चेत 'सौंदर्य' हा मुद्दा निघाला. मी सचिव होतो म्हणून झाला.

टोकदारपेन्सिल

सिस्टरबाई, ही तीन पायऱ्यांची वाटणी पटली. मग माझा आक्षेप निम्मा उरला. उरलेला निम्मा असा, की पालकांनी एकमेकांच्या मुलांजवळ बसायचं अशी काही कल्पना मनात असेल तर हडपसरहून सिंहगड रोडला कुणी येणार नाही. दोन तासांच्या विसाव्यासाठी तीन तास रस्त्यावर.

भिडेपूल

आले लिहायला. मी बहीण आहे. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, आता सतरा पूर्ण. या धाग्यावर जाऊ, सासरे, आजोबा, ब्यूरो सगळे आले, पण बऱ्याच घरांत दुसरा माणूस कोण असतो सांगू? मोठी बहीण. कुणी ठरवत नाही. ती घरात असते, तिला येतं, म्हणून तीच.

मला सक्शन येतं याचं मला वाईट वाटत नाही. उलट मित्रमैत्रिणींमध्ये थोडा भावच खाल्लाय त्यावर. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बारावीच्या वर्षातही घरात 'तू आहेस ना' हे गृहीतच होतं. तर निळीछत्रीताई, भावंडांना शिकवा, नक्की शिकवा, नाहीतर ती बाहेर दाराशी उभी राहून नुसती घाबरतात. पण वेळापत्रकात त्यांचं नाव घालू नका. ती जादा आहेत असं धरा.

आणि एक प्रश्न. तो अठरा वर्षांचा झाला की आईबाबांची सही चालत नाही असं बँकेत सांगितलं. खरं आहे का? काय करायचं?

निळीछत्री

@भिडेपूल, वेळापत्रकाचं लगेच अमलात आणते. धाकटीचं नाव आमच्या फ्रिजवरच्या कागदावर होतं, आज काढलं.

प्रश्नाचं उत्तर: हो, अठरा पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान, त्याची परिस्थिती काहीही असो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तरीय समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. आईवडिलांनाही रीतसर पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. कागद आतापासून जमवा, वाढदिवसाची वाट बघू नका.

त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो, ठरलेल्या मर्यादेत. खासगी कंपन्या आमच्यासारख्यांना दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे ही रक्कम लहान असली तरी घ्या. तीही त्या चारच गटांसाठी, हे लक्षात असू द्या.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते. दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली असेल तर पांढरा पट्टा, पिवळा ४० ते ८०, निळा ८० आणि वर. रेल्वेची सवलत, शाळेचे हक्क, सगळ्याची सुरुवात तिथून. नोकरदारांनी जुन्या प्राप्तिकर प्रणालीतली घरातल्या दिव्यांग व्यक्तीसाठीची वजावट बघा: ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १ लाख २५ हजार. नव्या प्रणालीत ती नाही, आणि ऑफिसातली मंडळी परस्पर नवी निवडून मोकळी होतात. सरकारी काम असल्यासारखी भाषा झाली माझी, पण यात घोटाळा परवडत नाही.

सातवा_मजला

दुर्मिळ आजारवाल्यांसाठी एक भर, कारण या गोंधळात आमचे दिवस गेलेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात यादीतल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण ती नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फतच. आपल्याला जवळचं म्हणजे केईएम. मुंबईचं, परळचं केईएम! रास्ता पेठेतलं आपलं केईएम वेगळं. नातेवाईक 'अरे केईएम तर दोन बस स्टॉपवर आहे' म्हणत राहतात.

तरी मूळ विषयावर: ते ५० लाख औषधाला आहेत. एसएमएच्या (स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजाराच्या) मुलीला रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) लावणारा दुसरा माणूस त्यातून येत नाही. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा मावसभाऊ, इलेक्ट्रिशियन. मास्क गळतोय हे त्याला आवाजावरून कळतं, मला अजून कळत नाही.

लघुकोन

इलेक्ट्रिशियन भाऊ! आमच्याकडे भाड्याने मिळेल का?

अवांतर नाही: सरकारी बाजूने काय हवं हेही इथे लिहू या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शोधायची यंत्रणा आहे. शोधल्यानंतर घरी बसणाऱ्या माणसाची नाही. राष्ट्रीय न्यासाच्या यादीत विसाव्यासाठीची 'समर्थ' (आता 'घरौंदा'बरोबर जोडलेली) आणि काळजीवाहकांना शिकवणारी 'सहयोगी' अशा योजना आहेत. दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. तर पाचदहा घरांनी मिळून एकच मागणी न्यावी: नळी, सक्शन आणि फिट कशी सांभाळायची याचं काळजीवाहकांना प्रशिक्षण, प्रात्यक्षिकासह. पाच मागण्या नेल्या की निवेदन फाइलला लागतं.

टोकदारपेन्सिल

ही मागणी असेल तर माझी सही धरा. मसुदा मी लिहून देतो, नोकरीत आयुष्यभर तेच केलं.

निळीछत्री

धरली! रस्त्याच्या मुद्द्यावर: शहरभर एक गट नको, भागवार करू. सिंहगड रोड मी बघते. वारजे-कोथरूड, हडपसर, पिंपरी-चिंचवड यांसाठी कुणीतरी पुढे या. सुरुवात फक्त पहिल्या पायरीपासून, म्हणजे मुलाच्या झोपेच्या वेळी जवळ बसणं. सिस्टरबाई, एकदा भेटून सगळ्यांना दाखवाल का? मुलं घरी ठेवायची, बाहुलीवर शिकायचं.

जुनीसिस्टर

दाखवीन. बाहुली माझ्याकडे आहे, तिला नळीसुद्धा आहे. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांचा फिटचा कागद आणायचा, एकाचा डोस दुसऱ्याला लागू नसतो.

हडपसरची_मी

हडपसर मी घेते. पण एक शंका. आमच्याकडे गळ्यातली नळी आहे आणि जेवण नाकातल्या नळीतून. पेगवर शिकलेल्या बाईने आमच्याकडे येऊन काय करायचं?

जुनीसिस्टर

जेवण द्यायचंच नाही. नाकातली नळी प्रत्येक वेळी जागेवर आहे का ते तपासावं लागतं: नाकापाशी केलेली खूण, आणि नळीतून ओढून काढलेल्या पोटातल्या पाण्याला पीएच पट्टी (आम्लता मोजणारी), ५.५ किंवा खाली. ते पाहुण्याच्या हातात देऊ नये. तुम्ही जेवण देऊन, अर्धा-पाऊण तास थांबून मग निघायचं, आणि पुढच्या जेवणाच्या आत परत यायचं. गळ्यातलं सक्शन येणारं कुणी घरात असेल तेव्हाच. नसेल तर तुमची पहिली भेट बाहेर जायची नाही, मिस्टरांना वॉर्डात आणायची.

हडपसरची_मी

मिस्टर शनिवारी मोकळे असतात. कुठे आणि किती वाजता यायचं तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा.